सेनापती आले की नेतील

४ जानेवारी

चि. बोक्या,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग एक तक्रार.

तू पाठवलेला गेम मिळाला. दुकानासमोरच्या झेरॉक्सवाल्याने दुकानावरच्या घरी येऊन टीव्हीला वायरी जोडून दिल्या. मी फिजिओ बाईंना सांगितलं, भाच्याने अंगठ्याच्या व्यायामासाठी गेम पाठवलाय. मला वाटलं हसतील. पण म्हणाल्या, उत्तम! रोज अर्धा तास उजव्या अंगठ्याने बटणं दाबा, आणि शिवाय रोज एक पान हाताने लिहा. म्हणून हे पत्र. नाहीतरी फोनवर आपलं बोलणं दोन मिनिटांत भांडणावर येतं. पत्रात निदान तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

तर तक्रार. भुयारात उतरायचं, भुतं मारायची, पेट्या उघडायच्या, इथपर्यंत मला समजलं. पण पेटीतून निघतं काय? हातमोजे! काल अकरा पेट्या उघडल्या, त्यातल्या नवांत हातमोजे. मनगट मोडून घरी बसलेल्या बाईला हातमोजे वाटताना तुझ्या गेमवाल्यांना काही वाटत कसं नाही? एक सोनेरी पेटी दिसली, तिच्यासाठी तीन सापळे ओलांडले, अर्धा जीव गेला, आणि आत 'विव्हळत्या कोल्ह्याचे हातमोजे'. डोंगर पोखरून उंदीर काढला, आणि तोही आधीच्या आठ उंदरांचा सख्खा भाऊ.

बरं, शिवलेत तरी नीट? अंगठ्याखाली जादा कापडाची कळी घालावी लागते, नाहीतर मूठ वळत नाही. ती घातलेलीच नाही. असले मोजे घालून तलवार धरणारा माणूस पहिल्या वारालाच तलवार पाडेल. माझ्या दुकानात कुणी असं काम केलं असतं तर सगळं उसवून घेतलं असतं.

दुकानाला अजून कुलूप आहे. दहा मार्चला डॉक्टर हात तपासून सांगणार, कात्री पुन्हा धरता येईल की नाही. तोवर भुतं मारते. हात छान आहे. तुझ्या आईला तसंच सांग, नाहीतर ती बॅग भरून इथे येईल आणि मला चमच्याने भरवायला लागेल.

मावशी


११ जानेवारी

मावशी,

नमस्कार. हातमोज्यांच्या दुःखात मी सहभागी आहे.

एक सांगू का, हा गेम असाच आहे. मी एका तलवारीसाठी सव्वा महिना त्याच त्या भुयारात खेपा घातल्या होत्या. शेवटी सोनेरी पेटी उघडली, तर जादूगारणीच्या सपाता. त्याही 'फक्त जादूगारणींसाठी'. मी कंट्रोलर सोफ्यावर आपटला आणि पाच मिनिटांनी पुन्हा उचलला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे दैव देतच नाही, त्यामुळे कर्माला काही कामच उरत नाही.

पण नऊ हातमोजे म्हणजे तुझं नशीब खास आहे. आणि त्यांच्या शिवणीतली चूक काढणारी तू या जगातली पहिलीच असशील.

माझं चाललंय. परवा एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक साहेब. मी वरून उतरून काम करतोय, आणि साहेब आतून पाऊण तास मला लिफ्ट कशी दुरुस्त करायची ते शिकवतायत. अधूनमधून मला तुझी आठवण येत होती.

आता मुद्द्याचं. तू कितव्या मजल्यावर आहेस? अंगात काय घातलंयस? हातात हत्यार कोणतं? ते कळल्याशिवाय सल्ला देता येणार नाही.

तुझा बोक्या


१९ जानेवारी

चि. बोक्या,

मी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि मला तिथे ढेकूण चिरडावा तसं चिरडतात. एक वटवाघूळ आलं, पंख लागला, मी मेले. पंख, बोक्या! चावलंसुद्धा नाही.

अंगात काय घातलंय म्हणून विचारतोस. सुरुवातीला देतात तोच सदरा. कोपरावर फाटका आहे. हातात तीच लाकडाची काठी. दुसरं काय असणार?

आणि ती पिशवी! दर दहा मिनिटांनी 'पिशवी भरली आहे'. मग एवढे जिने चढून वर गावात यायचं, माल मोठ्या संदुकीत ठेवायचा, पुन्हा खाली. तिसरा मजला गाठेपर्यंत माझे पाय दुखले, आणि मी तर खुर्चीत बसलेली असते. पण संदूक मी छान लावली आहे, ये बघायला. हातमोजे एका रांगेत, शिरस्त्राणं एका रांगेत. 'थोरल्या सेनापतीचं चिलखत' मिळालंय, ते वेगळं काढून ठेवलंय. भारी काम आहे, खांद्यावर चकत्या अगदी हाताने बसवल्यासारख्या. सेनापती आले की नेतील.

एक कळत नाही. इतक्या वस्तू गोळा केल्या, प्रत्येकीवर मालकाचं नाव आहे, पण न्यायला अजून कुणीच आलेलं नाही. कोल्हा नाही, सेनापती नाही, 'वादळाची कन्या' तर नाहीच नाही, तिच्या तीन ढाली पडून आहेत. दुकानातही अशी गिऱ्हाइकं असतात. उद्या हवाय म्हणून कोट शिवून घेतात आणि दोन वर्षं तोंड दाखवत नाहीत.

हात छान आहे.

मावशी


२४ जानेवारी

मावशी, मावशी, मावशी,

तुझं पत्र मी कामावर वाचलं. जिन्यात बसून इतका हसलो की वरच्या मजल्यावरच्या बाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. त्यांना वाटलं माणसाला काहीतरी झालंय.

अगं, ते सगळं तुझंच आहे! कुणीही न्यायला येणार नाही. सापडलं की अंगावर चढवायचं, यासाठीच तर तो गेम आहे. नावं नुसती शोभेची. जगातल्या झाडून सगळ्या माणसांनी हा गेम खेळताना पहिल्या पेटीतलं पहिलं चिलखत तिथल्या तिथे घातलं असेल. आणि माझी मावशी फाटका सदरा घालून, काठी घेऊन, तीन मजले उतरून गेली, पाठीवर दुसऱ्यांचे कपडे वाहत! खरं सांगू? त्या सदऱ्यात मी दुसऱ्या मजल्यापर्यंतही पोचलो नसतो.

संदूक उघड. सेनापतीचं चिलखत घाल. वादळाच्या कन्येची ढाल डाव्या हाताला घे. काठी फेकून दे. (मला माहितीये तू ती फेकणार नाहीस, काठी कधीही कामाला येते म्हणशील.)

आईला ही गोष्ट सांगितली. तीही हसली, पण मग म्हणाली, ती पहिल्यापासूनच तशी आहे.

बोक्या


१ फेब्रुवारी

चि. बोक्या,

हसून झालं असेल तर ऐक.

दुसऱ्याचं नाव असलेला कपडा अंगाला लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी नवीन कामाला लागले तेव्हा मास्तर चहाला गेलेले बघून गिऱ्हाइकाचा एक कोट चढवून आरशासमोर उभी राहिले होते. गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच दारात. ते बिचारे हसले, पण मास्तरांनी त्या कोटाच्या दोन्ही बाह्या उसवायला लावून पुन्हा माझ्याकडून शिवून घेतल्या. त्याला बत्तीस वर्षं झाली. तेव्हापासून मी दुकानात आलेल्या कापडाला फक्त हात लावते, अंग लावत नाही. तुझ्या गेमवाल्यांनी आधी सांगायला नको, की माल आपला आहे म्हणून?

तरी घातलं चिलखत. सेनापती मुंढ्यात माझ्यापेक्षा बराच रुंद असणार, पण चालतंय. आणि काय फरक पडला रे! तिसरा आणि चौथा मजला एका दुपारी आटोपला. ते वटवाघूळ आलं, पंख मारला, मी ढिम्म. मी त्याच्याकडे बघून चक्क हसले.

पण पाचव्या मजल्यावर तो भट्टीवाला राक्षस आहे, तो मेला मरत नाही. तेवीस वेळा मारलं त्याने मला. मी मोजलंय. ढाल धरली की वार करता येत नाही, वार करायला गेले की ढाल सुटते, आणि त्याला दोन्ही एकदम करणाराच माणूस लागतो. गेमचा नियमच चुकीचा आहे. हे लिहून कळव त्यांना.

चौकातला टेलर काल घरी येऊन गेला. विचारत होता, दुकान बंदच ठेवणार असाल तर बेतायचं टेबल देता का. आमचं टेबल लांब आहे, पूर्ण कोट एका अंगाने अंथरता येतो. म्हटलं, दहा मार्चनंतर सांगते. दुकानातल्या काज-बटणवाल्या बाई तर रोज विचारतात, कधी उघडायचं. त्यांनाही तेच सांगते.

हात छान आहे.

मावशी


८ फेब्रुवारी

मावशी,

हे पत्र मी दोनदा फाडलं आणि तिसऱ्यांदा लिहितोय.

गेमचा नियम चुकीचा नाही. तुझं खातं मीच उघडून दिलेलं, काल त्यात डोकावलो, भट्टीवाला इतका त्रास का देतोय ते बघायला. वार करायचं बटण उजवीकडे असतं, उजव्या अंगठ्याखाली. तुझ्या इथे ते डावीकडे आणून ठेवलंय. ढालही डावीकडे, वारही डावीकडे. एका अंगठ्याने दोन्ही एकदम होणार कसं? हा उद्योग तुला एकटीला येणार नाही, झेरॉक्सवाल्याकडून करून घेतला असशील.

मग तुझी सगळी पत्रं पुन्हा काढली. पहिल्या पत्रातल्या वरच्या चार ओळी तुझ्या नेहमीच्या अक्षरात आहेत. मापाच्या चिठ्ठ्यांवर असायचं तसं, उभं आणि बारीक. पाचव्या ओळीपासून अक्षर आडवं पडलंय आणि शाई पुसटली आहे. डाव्या हाताने लिहिलं की हात ओल्या शाईवरून घासत पुढे जातो. माझा एक सहकारी डावरा आहे, त्याच्या सगळ्या कागदांची हीच दशा असते.

हात छान आहे म्हणतेस. कोणता?

चेष्टा पुरे. मी फिजिओ नाही, पण इतकं मलाही माहितीये, की प्लास्टर काढल्यावर हात वापरला नाही तर तो आखडतो. दहा मार्चला महिना उरलाय.

तुला एक सांगतो, जे आईलाही ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी लिफ्टच्या टपावर काम करताना लिफ्ट अचानक हलली. मी पडता पडता वाचलो, खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर तीन महिने मी टपावर चढलो नाही. गुडघा दुखतोय सांगून दरवेळी जोडीदाराला पाठवायचो. गुडघा ठणठणीत होता. मला भीती वाटत होती, आणि गुडघ्यावर ढकलणं सोपं होतं. जोडीदाराने एक दिवस हातातला टॉर्च माझ्या हातात दिला आणि स्वतः खाली जाऊन उभा राहिला. मला त्याचा इतका राग आला होता, की काय सांगू.

म्हणून आता तू माझ्यावर रागाव. वार करायचं बटण मी पुन्हा उजवीकडे नेलंय आणि त्याला परवलीचा शब्द घातलाय. झेरॉक्सवाल्याला बोलावून काही होणार नाही. आईला सांगितलेलं नाही.

बोक्या


१२ फेब्रुवारी

पत्र मिळालं. आगाऊपणाही मिळाला.

मावशी


२५ फेब्रुवारी

मावशी,

तुझं ते एका ओळीचं कार्ड मी स्वयंपाकघरात भिंतीला लावलंय. रोज सकाळी चहा करताना मावशी माझ्यावर रागावलेली दिसते. दिवस बरा जातो.

गेममध्ये दिसतं, कोण किती वेळ खेळलं ते. तेरा दिवस तू उघडला नाहीस. भट्टीवाला वाट बघून कंटाळला असेल. मीही.

काल अकरा मिनिटं खेळलीस. मी काही बोलत नाही. नुसतं सांगितलं.

बोक्या


१३ मार्च

चि. बोक्या,

हे पत्र तीन दिवस चाललंय. रोज थोडं लिहिते आणि थांबते. अक्षर बघ आणि ओळख. पहिलीतल्या मुलाचं वाटेल, पण उभं आहे.

आधी तुझा राग आला होता तो लिहून टाकते. खूप आला. माझ्या बहिणीचा पोरगा, ज्याच्या विजारी मी शिवल्या, तो मला परवलीचे शब्द घालतो! चार दिवस मी मनातल्या मनात तुला बोलत होते. तू फोन केला असतास तर ऐकवलंच असतं, म्हणून बरं झालं, तू पत्र लिहितोस.

दुखतं म्हणून मी उजवा हात वापरत नव्हते, असं नाही. दुखतं, पण बाळंतपण सोसलेल्या बाईला ते दुखणं काही मोठं नाही. खरं ते आता लिहिते. पहिल्या पत्राच्या वेळी चार ओळी लिहिल्या आणि पेन हातातून निसटलं. उचललं, पुन्हा निसटलं. पेन! त्याचं वजन ते काय! आणि माझी कात्री तुला माहितीये, उचलताना लहानपणी तू दोन्ही हात लावायचास. तेव्हा ठरवलं, दहा मार्चपर्यंत या हाताकडे बघायचंच नाही. जोवर कात्री उचलून बघितली नाही, तोवर मी टेलर होते. उचलली आणि पडली, तर मग मी कोण? बत्तीस वर्षांत मी दुसरं काही शिकले नाही रे.

तुझ्या भट्टीवाल्याकडे पुन्हा गेले ती तुझी जिरवायला. पहिल्या दिवशी अकरा मिनिटांत सात वेळा मेले. अंगठा बटणावर ठेवला की थरथरायचा, दाबायला जावं तर तो राक्षस माझ्या डोक्यावर. दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. काज-बटणवाल्या बाई शेजारी बसून बघायच्या आणि प्रत्येक वेळी "अगंबाई" म्हणायच्या. शेवटी मीच त्यांना म्हटलं, अहो, मेलेय मी, तुम्ही कशाला घाबरता? आठ मार्चला दुपारी तो मेला. साठाव्या का एकसष्टाव्या खेपेला, मोजणं सोडलं होतं. आम्ही दोघी इतक्या ओरडलो की झेरॉक्सवाला धावत आला.

मग समोर ती मोठी सोनेरी पेटी आली आणि माझ्याने ती उघडवेना. बाई म्हणाल्या, उघडा ना. म्हटलं, थांबा जरा. बंद आहे तोवर आत काहीही असू शकतं. असं म्हणाले आणि माझं मलाच कळलं, मी दोन महिने काय करतेय ते. टीव्ही तसाच सोडला, किल्ली घेतली आणि दुकानात गेले. नोव्हेंबरपासून बंद, सगळीकडे धूळ. खणातून कात्री काढली. उजव्या हाताने. पडली नाही, बोक्या. जड लागली, हात खाली गेला, पण पडली नाही.

(संध्याकाळी पेटीही उघडली. बूट निघाले. तेही मांत्रिकाचे. तुझे गेमवाले सुधारणार नाहीत.)

दहाला डॉक्टरांनी एक दांडा हातात देऊन दाबायला लावला. डाव्याच्या निम्मं बळ आलंय. म्हणाले, दोन महिने आधीपासून व्यायाम केला असतात तर याहून जास्त आलं असतं. आता पातळ कापड कापता येईल, रोज सराव केला तर. कोटाचं जाड कापड बहुतेक कधीच नाही. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. चांगली मोठ्याने. शेजारच्या आजोबांनी रुमाल दिला, त्याची शिवण उसवलेली होती, ती बघून रडणं थांबलं.

चौकातल्या टेलरला काल निरोप पाठवला. टेबल देणार नाही. त्यांनी सकाळी इथे यावं, कोट माझ्या टेबलावर माझ्या मापाने त्यांनी बेतावेत, मी शेजारी उभी राहीन. शर्ट माझे मी बेतेन. ते हो म्हणाले. माणूस बरा आहे, जरा बडबड्या आहे, तुझ्यासारखा. सोमवारी कुलूप काढते. तुझ्या आईला आता सगळं खरं सांग, पण चमचा आणू नको म्हणावं.

तुझ्या त्या टपाच्या गोष्टीबद्दल: पुढच्या वेळी गुडघा दुखला, तर आधी मला लिही.

सोबत अस्तराच्या कापडाची एक पट्टी आहे. तिच्यावर खडूची सरळ रेघ दिसेल, ती मी मारली. त्या रेघेवरून कात्री उजव्या हाताने चालवली. सात इंच रेघेवर आहे, पुढे सुटली आणि नागमोडी गेली. वाकडा काप मी आयुष्यात कुणाला दाखवला नाही, मास्तरांना दिसू नये म्हणून चिंध्यांत खोल दडवायचे. हा तुझ्याकडे राहू दे. पुढच्या महिन्यात दुसरी पट्टी पाठवेन. दोन्ही शेजारी ठेवून मोज, आणि इंच वाढला नसेल तर तसं लिही.

मावशी